फेल्डझेला जायचं तर आधी परतीची बस बघा

मे ते सप्टेंबर या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पुष्कळ आईबाबा लेकाकडे किंवा लेकीकडे जर्मनीला येतात. दक्षिणेत फ्रायबुर्ग किंवा श्टुटगार्टला उतरले की एका रविवारी टिटिझे तळं ठरलेलंच असतं. बोटी, कोकिळेची घड्याळं, केकची दुकानं आणि यल्लम्माच्या जत्रेला लाजवेल अशी गर्दी. त्या टिटिझेत जो ओढा येऊन पडतो, त्याच्या उगमाकडे गेलं की वर जंगलात दुसरं तळं आहे, फेल्डझे. तिथवर गाडी जात नाही आणि काठावर दुकान नाही. बेताच्या चालीने अर्ध्या दिवसात होतं, पण आखणी आदल्या रात्री करावी लागते.

आपल्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जाताना फारशी आखणी लागत नाही. फाटा चुकला तर गवळ्याला विचारायचं, उशीर झाला तर कुणाची तरी गाडी मिळते. इथे जंगलात विचारायला माणूस भेटेलच असं नाही आणि भेटला तरी रस्त्यापर्यंत सोडणार नाही. शेवटची बस गेली म्हणजे गेली. म्हणून सुरुवात परतीपासून करा. चाल तळ्याच्या वर फेल्डबेर्गला संपते; तिथून टिटिझेकडे खाली येणाऱ्या शेवटच्या दोन बसच्या वेळा आधी कागदावर लिहा. शेवटून दुसरी बस ही आपली बस. शेवटची फक्त अडचणीसाठी राखीव. रविवारचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा तारीख घालूनच शोधा.

वाट अशी. फ्रायबुर्गहून झेब्रुगकडे जाणारी लोकल धरायची आणि टिटिझेच्या पुढे फेल्डबेर्ग-बेरेनटालला उतरायचं. काही गाड्या टिटिझेला दोन भागांत सुटतात, एक भाग फिलिंगेनकडे जातो. डब्यावरची पाटी न बघता बसलात तर सकाळ गेली. या मार्गावरचा घाट बघण्यासारखा आहे. कॅसलरॉक ते कुळे या आपल्या घाटात 37 मीटरला एक मीटर चढ आहे, इथे हॉलेनटाल खोऱ्यात सर्वांत तीव्र ठिकाणी साधारण 18 मीटरला एक. 1887 मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा त्या टप्प्यावर दातेरी रूळ होता, आता साधी गाडीच चढते. बेरेनटाल 967 मीटरवर आहे. डॉइचं बान या जर्मन रेल्वेचं नेहमीच्या रुंदीच्या रुळांवरचं सर्वांत उंच स्टेशन तेच.

तिथून झेबाख ओढ्याच्या खोऱ्याने वर राइमार्टीहोफपर्यंत रुंद जंगलवाट आहे. हे जुन्या पद्धतीचं मोठं उतरत्या छपराचं शेतघर आणि खानावळ. पुढे किलोमीटरभरावर तळं, 1109 मीटरवर. तळ्यापासून खडी नागमोडी वाट फेल्डबेर्गच्या वस्तीत, साधारण 1280 मीटरवर निघते आणि बस तिथेच मिळते. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर धरा.

वेळेचा हिशेब स्वतः करायचा, कारण ब्लॅक फॉरेस्ट या इथल्या डोंगराळ जंगलभागातल्या पाट्यांवर तास नसतात, किलोमीटर असतात. जर्मनीत यासाठी एक ठोकळ नियम वापरतात: सपाटीला तासाला 4 किलोमीटर, चढाला तासाला 300 मीटर, उताराला 500 मीटर. अंतराचा वेळ आणि चढ-उताराचा वेळ वेगवेगळा काढायचा, जो मोठा तो पूर्ण आणि लहान त्याचा निम्मा, अशी बेरीज करायची. आपल्या वाटेला 8 किलोमीटर म्हणजे 2 तास आणि सव्वातीनशे मीटर चढ म्हणजे एक तासाहून थोडा जास्त. बेरीज सुमारे अडीच तास. हा रोज चालणाऱ्या माणसाचा वेळ. साठीच्या पुढचे कोणी बरोबर असतील तर दीडपट करा आणि वर खाण्या-बसण्याचा एक तास. झाले पाच. साडेनऊला बेरेनटालहून निघालात तर अडीचच्या सुमारास वर पोचता. तळ्यावरून दीडनंतर निघायची वेळ आली, किंवा कोणाचा गुडघा कुरकुरू लागला, तर वरचा चढ सोडा आणि आल्या वाटेने बेरेनटालला परता. तो उतार सौम्य आहे. हा निर्णय तळ्यावरच घ्यायचा, अर्ध्या चढावर नाही.

उलट दिशेने का नाही, असं बरेच जण विचारतात. वर बसने जाऊन खाली उतरणं सोपं वाटतं. पण फेल्डबेर्गहून तळ्याकडे उतरणारा तो टप्पा सावलीत असतो. वाटेवर आडवी आलेली स्प्रूस झाडांची मुळं हातभर अंतरावर एकेक, त्यांची साल लोकांच्या बुटांनी घासून गुळगुळीत झालेली. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ओलीच. चढताना पाय घसरला तर माणूस गुडघ्यावर येतो, उतरताना घसरला तर मागे आपटतो आणि मनगट मोडतं.

तळं दुपारनंतर बघू, असंही म्हणू नका. हिमयुगात हिमनदीने डोंगराच्या कुशीत खरवडून काढलेला हा गोल खड्डा आहे, खोली तीस मीटरच्या वर. पश्चिम आणि दक्षिणेकडे झेबुक शिखराची भिंत सरळ तीनशे मीटर उठते, पूर्वेला हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध. त्यामुळे ऊन सकाळचं. दुपार कलली की पाणी काळं पडतं आणि गारठा येतो. फ्रायबुर्ग 278 मीटरवर, म्हणजे तळ्यावर साधारण पाच अंश कमी. त्याच भिंतीच्या सावलीत जुना बर्फ मेमध्येही वाटेवर कडक होऊन पडलेला सापडतो. जूनचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा घरच्या मोठ्यांना न्यायचा काळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि अंधार एकदम साडेपाचच्या आत येतो, हे सुट्टीला आलेल्यांच्या लक्षात राहत नाही.

पोहायला बंदी आहे. पाय बुडवून बसणंही टाळा. उथळ पाण्यात तळाशी सुयांसारख्या पानांचे छोटे झुबके असतात, आयसोएटिस नावाची हिमयुगापासून टिकून राहिलेली पाणवनस्पती. जर्मनीत ती फार थोड्या तळ्यांत उरली आहे. एक पाऊल पडलं की मुळं सुटतात, म्हणून काठाला कुंपण आणि पाट्या. पोहायचंच असेल तर टिटिझे आहे.

आपल्या भीमगड अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. इथे उलट आहे: जंगल सरकारी असो की खासगी, फिरायला जायचा हक्क कायद्याने सगळ्यांना. पण त्याची दुसरी बाजू अशी की फांदी डोक्यात पडली तर जबाबदारी तुमची. तळ्याभोवतीचं रान मुद्दाम न तोडता राखलेलं आहे, वाळलेली झाडं उभीच असतात. म्हणून वादळी वारा सुटला असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जाऊ नका. वाटेवर लाल-पांढरी पट्टी आडवी दिसली तर झाडतोड चालू आहे असं समजून परत फिरा, पट्टीखालून वाकून जाणारे जर्मनही असतात, त्यांचं बघू नका. राखीव क्षेत्रात पायवाट सोडायची नाही. 1 मार्च ते 31 ऑक्टोबर जंगलात विडी-सिगारेट बंद, स्टोव्ह पेटवून चहा करणं तर बाराही महिने बंद. चहा थर्मासमधून.

खुणा सोप्या आहेत. 1864 मध्ये स्थापन झालेला श्वार्त्सवाल्डफेराइन हा हायकिंग संघ त्या सांभाळतो. पत्त्यांतल्या चौकटसारखा पिवळा आकार स्थानिक वाटेला, निळा त्याहून मोठ्या, लाल लांब पल्ल्याच्या वाटेला. प्रत्येक फाट्यावरच्या खांबावर त्या जागेचं नाव आणि उंची लिहिलेली असते. त्या नावाचा फोटो काढत चला. खोऱ्यात फोनला रेंज जाते, पण 112 या आपत्कालीन नंबरला फोन लागला की "अमुक नावाच्या खांबापासून पाच मिनिटं वर" एवढं सांगणं पुरतं. हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि क्रमांक दिसला तर तो क्रमांक आणखी चांगला, त्यावरून रुग्णवाहिकेला जागा नेमकी कळते. नकाशा घरी असतानाच डाउनलोड करा.

तिकिटाचं थोडक्यात. डॉइचलांडटिकिट जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो, लोकल आणि बस दोन्हींना चालतं. पण ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं; आईबाबांसाठी घेतलं तर बंद करायचा अर्ज त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत करा, नाहीतर ते बेळगावला पोचल्यावरही पैसे कापले जातात. चौघे-पाचजण एका दिवसासाठी जाणार असाल तर बाडेन-व्युर्टेंबेर्गचं दिवसाचं गट-तिकीट स्वस्त पडतं, सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी नऊनंतरच. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम असेल तर गेस्टहाउसवाल्याकडून कोनुस कार्ड मागा, त्यावर बस-लोकल फुकट.

पिशवीत माणशी दीड लिटर पाणी. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरतात. खानावळीला आठवड्याची सुट्टी असते, म्हणून ती बंद आहे असं धरूनच डबा घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी याला तोड नाही: सांडत नाही, गार झाली तरी खाता येते. पोळीत भाजी गुंडाळाल तर तासाभरात ती पाणी सोडते. वीस-तीस युरो रोख ठेवा. कचरापेटी वाटेत नाही. साडी किंवा जीन्सपेक्षा पटकन वाळणारी पँट बरी, बूट घोट्याच्या वर येणारे आणि आधी पंधरा दिवस घरात वापरलेले. नव्या बुटांनी टाच सोलते ती नेमकी राइमार्टीहोफच्या आधी.

जळवा इथे नाहीत, पण गोचीड आहे, आणि ती हलक्यात घेऊ नका. दोडामार्ग-बांद्याकडे 2016-17 मध्ये माकडताप पसरला होता तो गोचिडींमुळेच. इथल्या गोचिडींतून होणारा मेंदूज्वराचा विषाणू माकडतापाच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. त्यावर लस आहे, तीन डोसांची. इथे राहणाऱ्यांनी ती घ्यावीच. गोचिडींतूनच होणाऱ्या लाइम या जिवाणूच्या आजारावर मात्र लस नाही. त्यात गोचीड जितके तास चिकटून राहील तितका धोका वाढतो, म्हणून घरी आल्या आल्या गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे बघायचं. छोटी गोचीड खसखशीएवढी असते. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, काडेपेटी काही नको, त्याने ती पोटातलं उलट आत सोडते. जागेवर तारीख लिहून फोटो काढा आणि महिनाभर लक्ष ठेवा. पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टर गाठा. तोवर आईबाबा परत गेले असतील, तर बेळगावच्या डॉक्टरांना "जर्मनीच्या जंगलात गोचीड चावली होती" हे पहिल्या वाक्यात सांगायला सांगा. लाइम तिकडे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि वेळेत ओळखलं तर साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी बरं होतं.