तुम्ही विचारलंत म्हणून: एका हाडापायी मार्केझची इतकी वर्षं कशी गेली?

प्रश्न नेहमी एकाच वळणाने येतो. मोटरसायकल रेसर लोकांची हाडं दर वर्षी मोडतात, धातूची प्लेट टाकतात, पंधरा दिवसांत पुन्हा गाडीवर. मग स्पेनच्या मार्क मार्केझचंच असं काय झालं, की 2020 च्या पहिल्या शर्यतीत पडलेला माणूस पुन्हा जगज्जेता व्हायला 2025 उजाडलं?

पडण्याने त्याचे दोन-तीन महिने गेले असते. बाकीची वर्षं खाल्ली ती पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याने.

आधी ती शर्यत. 2019 मध्ये मार्केझने मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेच्या, 12 शर्यती जिंकून 420 गुण केले होते, म्हणजे 2020 ला तो आला तो एकतर्फी विजेता म्हणूनच. कोविडमुळे मार्चमधली कतारची मोटोजीपी शर्यत रद्द झाली आणि हंगाम उघडला थेट 19 जुलैला, दक्षिण स्पेनमधल्या हेरेझला. एरवी तिथे वसंतात शर्यत होते. जुलैत तिथलं डांबर 50 अंशांच्या वर तापतं आणि टायर लवकर नांगी टाकतात. पाचव्या लॅपला चौथ्या वळणावर मार्केझची गाडी जवळजवळ गेलीच होती. ती त्याने कशी सावरली हे आजही पुन्हा पुन्हा बघितलं जातं. खडीत जाऊन तो परतला तेव्हा सोळावा होता. तिथून एकेकाला मागे टाकत तिसरा आला, दुसऱ्या क्रमांकावरचा विन्यालेस टप्प्यात दिसत होता, आणि शेवटचे चार लॅप उरलेले असताना तिसऱ्या वळणावर गाडीने त्याला वर उडवलं.

याला हाय-साइड म्हणतात. वळणात गाडी आडवी असताना मागचं चाक बाहेरच्या बाजूला सरकतं. ते सरकतच राहिलं तर गाडी खाली बसते आणि रेसर तिच्या मागोमाग घसरत जातो. तो लो-साइड, बहुतेक वेळा अंगावरचा लेदरचा सूट घासण्यावर निभावतो. पण सरकणाऱ्या चाकाला मध्येच पुन्हा पकड मिळाली, तर दबलेलं सस्पेन्शन उसळतं, गाडी झटक्यात उभी होते आणि वरचा माणूस गोफणीतल्या दगडासारखा पलीकडे फेकला जातो. थ्रॉटल घाबरून एकदम बंद केलं तर ही पकड अजून लवकर येते. ट्रॅक्शन कंट्रोल चाक जास्त फिरायला लागलं की इंजिनाची ताकद कापतं, पण आडव्या सरकण्यावर त्याचा इलाज तोकडाच. त्यात मार्केझचं दुर्दैव असं, की गडगडत आलेल्या गाडीचं पुढचं चाक त्याच्या उजव्या दंडावर बसलं. हाड मोडलं ते त्या दणक्याने.

दंडाचं हाड, म्हणजे ह्युमरस. खांद्यापासून कोपरापर्यंतचं हे एकच लांब हाड. त्याच्या मागच्या बाजूने रेडियल नर्व्ह पीळ घेत खाली उतरते. ती तुटली तर मनगट लुळं पडतं आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोटंच उघडत नाहीत. ती नस शाबूत होती. मंगळवारी, 21 जुलैला, बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली आणि टायटॅनियमची प्लेट स्क्रूंनी बसवली. गुरुवारी सर्किटवरच्या डॉक्टरांनी तपासून त्याला गाडी चालवायची परवानगी दिली. शनिवारी, 25 तारखेला, तो त्याच हेरेझवर सरावाला उतरला. शस्त्रक्रियेला चार दिवस झाले होते. दुपारी पात्रता फेरीत त्याने गाडी परत गॅरेजमध्ये आणली आणि माघार घेतली.

हा वेडेपणा एकट्याचा नव्हता, हे लक्षात घ्या. त्याच आठवड्यात क्रचलो या रेसरच्या मनगटातलं हाड मोडलं होतं आणि रिन्स या दुसऱ्या रेसरच्या खांद्याला मार बसला होता, आणि दोघेही दुसऱ्या रविवारी शर्यत धावले. त्याहून मोठं उदाहरण 2013 चं. लोरेन्झो या रेसरचं कॉलरबोन, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड, नेदरलँड्समधल्या असेनला गुरुवारी मोडलं, तो विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट टाकून परत आला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. सगळ्यांना आठवतो तो हा पाचवा क्रमांक. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला आणि तीच प्लेट वाकली, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. त्या वर्षीचं विजेतेपद त्याने 4 गुणांनी घालवलं. जिंकला कोण? मार्केझ.

कॉलरबोन आणि दंड यांत फरक मोठा आहे. कॉलरबोन रेसरचं नेहमीचं मोडणारं हाड. ते वरच असतं, प्लेट सोपी बसते. दंडाचं हाड मात्र लांब तरफेसारखं आहे. सरळ रस्त्याच्या शेवटी रेसर कचकचीत ब्रेक मारतो तेव्हा त्याचं जवळजवळ सगळं वजन पुढे लोटलं जातं. मांड्यांनी टाकी आवळून तो त्यातला काही भार पेलतो, उरलेला दोन हातांवर येतो. एका वळणातून दुसऱ्यात गाडी उलटवताना याच हाडाला पीळ बसतो. उजवा हात तर थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही सांभाळणारा. हे हेरेझच्या एका लॅपमध्ये तेरा वळणांवर.

आता प्लेटबद्दलचा नेहमीचा गैरसमज. प्लेट हाड जोडत नाही. ती मोडलेली दोन टोकं एका जागी धरून ठेवते, जोडायचं काम हाडालाच करावं लागतं आणि दंडाच्या हाडाला त्यासाठी साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर सगळा भार धातूवर. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, त्याच जागी पंचवीस वेळा वाकवली की तुटते. प्लेटचंही तसंच, आणि कमजोर जागा बहुतेकदा मोडलेल्या ठिकाणासमोरचीच, कारण आधाराला मागे अखंड हाड नसतं. डॉक्टरांसमोर चार जोर मारता आले म्हणून हे कळत नाही. जोर मारताना स्नायूंची ताकद दिसते, धातूचा थकवा दिसत नाही.

मार्केझची प्लेट गेली ती घरी एक मोठी काचेची सरकती खिडकी उघडताना. 3 ऑगस्टला दुसरी शस्त्रक्रिया झाली. खिडकीवर लोक अजून हसतात, पण तिचा वाटा उंटाच्या पाठीवरच्या शेवटच्या काडीएवढाच.

दुसऱ्यांदा उघडलेल्या जखमेत हाड धरेना. स्नायू आणि हाडावरचं पातळ आवरण पुन्हा बाजूला केलं की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि रक्ताशिवाय हाड जुळत नाही. 3 डिसेंबरला माद्रिदला सुमारे आठ तासांची तिसरी शस्त्रक्रिया झाली. जुनी प्लेट काढली, नवी घातली आणि कमरेच्या हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून तिथे जोडला. तेव्हाच्या तपासण्यांत कळलं, की मोडलेल्या जागी जंतुसंसर्गही होता. धातूवर बसलेले जंतू औषधांना सहज दाद देत नाहीत, त्यामुळे अँटिबायोटिक्स बराच काळ चालली. 18 एप्रिल 2021 ला पोर्तुगालमध्ये तो परतला आणि सातवा आला. जूनमध्ये जर्मनीत जिंकला. तिथलं सर्किट डाव्या वळणांचं आहे, म्हणजे उजव्या हाताला उसंत देणारं. त्या विजयावरून हात बरा झाला असं समजणं चुकीचं होतं.

कारण हाड जुळलं होतं, पण पीळ खाऊन. कोपर सुमारे 30 अंश फिरलेल्या जागी होतं. उजव्या वळणात कोपर हवं तिथे जात नसे, मग खांदा जास्त वळवायचा, तो दुखायचा, आणि थकल्यावर चुका व्हायच्या. 2 जून 2022 ला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली. जुळलेलं हाड मुद्दाम कापलं, फिरवून सरळ केलं, पुन्हा प्लेट टाकली. या वेळी तो मोटोजीपीच्या गाडीवर बसला थेट सप्टेंबरमध्ये.

आणि हे सगळं कशासाठी? पहिल्या शर्यतीतला शून्य भरून काढायला. हंगाम छोटा, एकूण 14 शर्यती, विजयाला 25 गुण. दोन शर्यती बुडाल्या तर 50 गुण गेले, ही भीती कागदावर खरी होती. पण त्या वर्षी जगज्जेता झालेल्या जोआन मिरचे पहिल्या तीन शर्यतींनंतर गुण होते 11. अख्ख्या हंगामात त्याने एकच शर्यत जिंकली आणि 171 गुणांवर विजेतेपद घेतलं. हे अर्थात जुलैत कोणालाच दिसत नव्हतं. तरीही दोन-अडीच महिने बसून सप्टेंबरअखेर परतलेला मार्केझ त्या वर्षी विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद नसता, असं माझं मत आहे.

28 सप्टेंबर 2025 ला जपानमध्ये मोतेगीला, आता डुकाटी कंपनीच्या गाडीवर, त्याने सातवं मोटोजीपी विजेतेपद घेतलं. पुढच्याच शर्यतीत, इंडोनेशियात मंडालिकाला, बेझेक्की या रेसरची गाडी मागून आदळली आणि दुखावला तो पुन्हा उजवाच खांदा. सुरुवातीला शस्त्रक्रिया टाळून पाहिली, मग माद्रिदला करून घेतली. उरलेल्या चारही शर्यतींना तो उतरला नाही.