तेवीस दिवस

शुक्रवारी साडेचारनंतर आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-नोंदी सांभाळणारी शाखा) कुणी डॉक्टर आला की ओळखायचं, सोमवारी-मंगळवारी त्याचं काहीतरी अडलेलं आहे. ९ डिसेंबर २०२२ ला फिजिओलॉजीच्या मॅडम आल्या. सहयोगी प्राध्यापकपदासाठी लोकसेवा आयोगाचं बोलावणं होतं, मंगळवारी कागदपत्रांची तपासणी. "भाऊ, अनुभव प्रमाणपत्र द्या. फक्त तारखा भरायच्यात," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, कार्यालय बंद.

फक्त तारखा! आमच्या शाखेत तारखांशिवाय दुसरं असतंच काय?

मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापकाला सहयोगी व्हायचं तर त्या पदावर चार वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी बाकीही मागितलं होतं: दोन शोधनिबंध, तेही ठरावीक सूच्यांमधल्या नियतकालिकांत आणि नाव पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून. शिवाय वैद्यकीय शिक्षणाचा एक आणि संशोधनाचा एक कोर्स. मॅडमचं ते सगळं तयार होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीने लावलेलं. त्यांच्या हिशेबाने अर्जाच्या शेवटच्या तारखेला चार वर्षं आणि ११ दिवस भरत होते. सुरुवातीच्या १२० दिवसांच्या तात्पुरत्या आदेशांमधला एका दिवसाचा तांत्रिक खंडसुद्धा त्यांनी प्रामाणिकपणे वजा केलेला. (हा एक दिवस माणूस वर्गात शिकवतच असतो, फक्त कागदावर नसतो. असो.)

मी सर्व्हिस बुक उघडलं आणि दुसऱ्याच पानावर बोट थांबलं.

२०१९ मध्ये मॅडम कायम झाल्या, तोच त्यांना दुसऱ्या सरकारी कॉलेजात पाठवलं. तिथे शिक्षक पुरेसे आहेत का, याचं निरीक्षण होतं. आमच्याकडे हे जुनंच आहे. जिथे डोकी मोजायला माणसं येणार, तिथे आधी डोकी पाठवायची. लग्नघरी शेजारच्यांच्या खुर्च्या नेतात तसं. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेल्या मॅडमना परत यायला ऑगस्ट उजाडला. कार्यमुक्तीचा आदेश ८ ऑगस्टचा. आणि आमच्याकडे रुजू झाल्याची नोंद? १ सप्टेंबर २०१९.

मधले तेवीस दिवस त्या कुठेच नव्हत्या. अकरा जास्तीचे होते, तेवीस गेले. चार वर्षांना बारा दिवस कमी पडत होते. म्हणजे अर्ज बाद.

"पण मी नऊ तारखेलाच आले होते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच हातात रुजू अहवाल दिला होता."

नोंद माझ्याच अक्षरात होती. का झालं तेही लगेच आठवलं. तिकडून आलेल्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात ऑगस्टअखेर पगार दिल्याचं लिहिलं होतं. मी तेच बघून पहिली तारीख टाकली आणि मोकळा झालो. पगाराची तारीख वेगळी, रुजू होण्याची वेगळी, हे नव्या लिपिकाला शिकवणारा मीच.

आवक नोंदवही, म्हणजे आलेल्या कागदांची वही, काढली. ऑगस्ट २०१९ ची पानं चाळली, मॅडमचं नाव नाही. त्या आठवड्यात सांगली-कोल्हापूर पुराखाली होतं, आमच्याकडे तिकडे जाणाऱ्या पथकांच्या याद्या आणि फोन चालू होते. टेबलावर कोण काय ठेवून जात होतं, कुणाला पत्ता नव्हता. पण ते कारण आयोगापुढे कोण मांडणार?

विभागात फोन लावला. तिथले शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणतात, जुनी मस्टरं, हजेरीच्या वह्या, फेकत नाहीत. कपाटाच्या वर रद्दीसारखी बांधून ठेवतात. अर्ध्या तासात २०१९ चं मस्टर घेऊन आले, धूळ झटकलेलीसुद्धा. ९ ऑगस्टला मॅडमची सही होती. पुढेही रोज होती. मॅडमनी ते पान मोबाईलमध्ये टिपलं आणि प्रथमच पाणी प्यायल्या.

पण मस्टर विभागाचं. त्यावरून सर्व्हिस बुक दुरुस्त करायचं तर रुजू अहवालाचा कागद हवाच. तो गेला कुठे? साडेसहा वाजले होते. शाखेतले बाकीचे घरी गेले. मी नस्त्यांच्या, म्हणजे फायलींच्या, रॅकपुढे उभा राहून स्वतःला विचारलं, घाईत मी कुठे चूक करतो? आडनावात करतो. सर्जरीला त्याच आडनावाचे एक डॉक्टर होते, २०२० मध्ये बदलून गेलेले. त्यांची वैयक्तिक नस्ती अजून आमच्याकडेच पडून होती. उघडली. त्यांच्या रजेच्या अर्जाखाली, टाचणीने टोचलेला, मॅडमचा रुजू अहवाल. तारीख ९ ऑगस्ट २०१९, मध्यान्हपूर्व. कोपऱ्यात तेव्हाच्या अधिष्ठातांची सही. आवक क्रमांक नाही, कारण कागद मी थेट वर नेला होता.

मॅडम काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अधिष्ठाता सर आढावा बैठकीतून साडेसातला परतले. मी टिप्पणी हातानेच लिहून समोर ठेवली. सरांनी मस्टर पाहिलं, अहवाल पाहिला, मग माझ्याकडे.

"चूक कुणाची?"

"माझी, सर."

जुन्या नोंदीवर लाल शाईने रेघ, वर बरोबर तारीख, बाजूला सरांची सही आणि शिक्का. प्रमाणपत्र सव्वाआठला छापून झालं. त्याच टिप्पणीच्या तळाशी सरांनी एक ओळ घातली: संबंधित लिपिकाचा खुलासा घ्यावा. सोमवारी माझ्याच जावक नोंदवहीत माझ्या नावाचं ज्ञापन चढवलं. खुलाशात पुराचा उल्लेख केला नाही.

मॅडमची निवड झाली. आदेश यायला बरेच महिने लागले आणि पदस्थापना मिळाली दुसऱ्याच कॉलेजात. आता प्राध्यापक व्हायला सहयोगी म्हणून आणखी तीन वर्षं लागतील, ती पहिल्या दिवसापासून मोजायची. कार्यमुक्त व्हायला आल्या तेव्हा पेढे आणले होते. मी आदेश हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, तारीख दोनदा बघितली, मग पर्समधून स्वतःच्या कार्यमुक्तीच्या अर्जाची दुसरी प्रत काढून माझ्यापुढे सरकवली.

"भाऊ, पोच द्या. शिक्का मारून. आणि आवक क्रमांक टाका."

मी टाकला. वेळही लिहिली.