आमची वाटचाल: फ्लेक्सपासून जात्यापर्यंत

थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट. एवढ्या तीनच मालांवर आमचा डोंबिवलीतला धंदा चालतो. सुरुवात आईने घरच्या ओट्यावर केली. मी नोकरी सोडून त्यात पडलो तेव्हा गाळा घेतला, सहाजणी कामाला आल्या. माल चांगला होता, पण चार सोसायट्यांपलीकडे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली आमच्या गणेश मंदिर संस्थानने सुरू केली, मग ठाणे-गिरगावातही निघू लागली. (हे डोंबिवलीकर सांगितल्याशिवाय राहत नाही.) २०१८ला वाटलं, आपणही चित्ररथ काढावा. टेम्पो भाड्याने घेतला, तीन बाजूंना फ्लेक्स, मध्ये पुठ्ठ्याचं भलंमोठं पाकीट. दोन महिन्यांचा नफा त्यात गेला. फडके रोडवर पोरंपोरी नटूनथटून उभी होती. त्यांनी ढोलपथकाचे फोटो काढले, लेझीमचे काढले. आमचा टेम्पो आला की मोबाइल खाली! घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "अरे, पाकीट बघायला कोण येतं?"

पुढच्या वर्षी तिचंच ऐकलं. माळ्यावरचं जातं खाली काढलं, टाकी लावून (म्हणजे दगड टोचून खरबरीत करून) घेतलं आणि टेम्पोत गोणपाटावर बसवलं. शेगडी वर चढवणं धोक्याचं, म्हणून पहाटे तीनला गाळ्यातच भाजायला घेतलं. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, शेवटी धणे-जिरे. प्रत्येक धान्य वेगळं, कारण एकत्र टाकलं की उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. गरम डबे तसेच टेम्पोत चढवले. नऊवारी नेसलेल्या दोघी दळायला बसल्या, एक जात्याच्या तोंडात धान्य वैरत होती, आई ओव्या म्हणत होती. गतिरोधकावर खुंटा निसटून हातात आला, तर लोक हसले आणि आणखी जवळ आले. वास मात्र आमच्याही पुढे चालला होता. बाजूने चालणाऱ्या मुलींनी छोट्या पुड्या वाटल्या, त्यावर फक्त फोन नंबर. आठवडाभर फोन वाजत होता.

२०२०ला दोनशे किलो भाजणी तयार होती. यात्रा रद्द झाली आणि पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देशभर लॉकडाऊन लागला. डोक्याला हात लावून बसलो. मग एका सोसायटीतून फोन आला: गेल्या वर्षीची पुडी डब्याला चिकटवून ठेवली होती, पाच किलो मिळेल का? सोसायट्यांच्या फाटकांवर पिशव्या ठेवून तीन आठवड्यांत सगळी संपली. आजही निम्म्याहून जास्त माल थेट घरपोच जातो. दुकानदाराच्या उधारीमागे धावणं बंद झालं.

२०२२ला यात्रा पुन्हा निघाली. आईचे गुडघे टेम्पोत चढू देईनात. तिला गणेश मंदिराजवळ खुर्ची टाकून दिली. जातं समोरून गेलं तेव्हा ती ओरडली, "अगं, बारीक वैर, भरड पडतंय!"