सकाळच्या सभेचा हट्ट

रविवार, रात्री सव्वाअकरा

पाय तुटतायत पण लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या मीटिंगला परत तेच, की ताई, गाण्याची सकाळची सभा हवीच कशाला.

हट्ट माझाच होता. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, 2000 सालचा नियम आहे आणि पोलीस ठाण्याच्या परमिशनच्या कागदावरही ठळक लिहिलेलं असतं. सहाला सुरू म्हणायचं, मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, चार भाषणं, सव्वासात झाले की पहिला राग, संध्याकाळचा यमन. फार तर रात्रीच्या बागेश्रीपर्यंत पोचतो की "आवरा" म्हणून चिठ्ठी जाते. ती चिठ्ठी स्टेजवर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे, म्हणजे कलाकाराची ती नजरही माझ्याच वाट्याला. मध्यरात्रीचा राग दरबारी तानसेनाचा म्हणून आपण मिरवायचं आणि तानसेनाच्याच गावात, ग्वाल्हेरला, दरबारीची वेळ व्हायच्या आत सतरंज्या गुंडाळायच्या! रात्र गेलीच आहे तर निदान पहाट तरी घेऊ, म्हणून सात वाजताची सभा. पाहुण्या गायिका बाईंनी फोनवर स्वतःहून भैरव, म्हणजे पहाटेचाच राग, म्हटलं होतं, मी तर हवेतच.

फक्त ग्वाल्हेरचा डिसेंबर विसरले. बाई काल रात्री दहाला पोचणार होत्या, दिल्लीकडची गाडी धुक्यात अडकली ती अडकलीच. साडेचारला उठून देवळाच्या पटांगणात गेले तर सतरंज्या दवाने ओल्या, दहा फुटांवरचा माणूस दिसत नव्हता आणि टेंटवाला म्हणतो, "दीदी, धूप निकलेगी तो सूख जाएगा". अरे भैय्या, धूप निकलायच्या आतच तर गायचंय!

तानपुरे लावणं हे बाहेरून फार शांत काम वाटतं ना, या एकदा थंडीत. बाईंचा सूर काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी), म्हणून लहान जोडी काढलेली. गारठ्याने तारा आखडून सूर वर चढलेला, खुंटी उतरवावी तर सटकते, मग खडू लावा, परत पिळा, मग मणी सरकवा, जवारीचा (तार घुमवणारा) दोरा केसभर इकडेतिकडे करा, आणि बोटं तर आपलीच वाटत नाहीत. तबल्याचं उलटं, पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते आणि उतरते. वर ऊन आलं की सगळं पालटतं, तारा सैल होऊन खाली येतात, पुडी वाळून वर चढते, म्हणजे दोघांची तोंडं दोन दिशांना. तबल्यावाले दादा सारखे लाकडी गठ्ठे ठोकून सूर जुळवतात ते काही नखरे म्हणून नाही.

सहा पन्नासला फोन आला, बाई अजून धौलपूरलाच. समोर मोजून 23 माणसं, त्यातली 9 आमचीच. शेवटी चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या मुलालाच म्हटलं, बस. सतरा वर्षांचा आहे, गाणं शिकतो, काल रात्री बारापर्यंत खुर्च्या मोजत होता. पांढराफटक पडला. त्याचा सूर काळी एक, बाईंपेक्षा खालचा, म्हणजे आत गुंडाळून ठेवलेली मोठी जोडी आणा, परत सगळं पहिल्यापासून. एक तानपुरा धरायला माणूसच नव्हता म्हणून मीच बसले मागे.

आणि पोरगा भैरव गायला. आलाप थोडकाच, लगेच बंदिश, मग बोल घेऊन पुढे, आपल्या ग्वाल्हेर घराण्याची चाल. कोमल रिषभ जरा हलला, एक सम हुकली, तबल्यावाल्या दादांनी सांभाळून घेतलं. पुढच्या रांगेत कानटोपीवाले आजोबा असतात, ते कुणाही मोठ्या गवयाला "बंदिश कधी घेणार?" असं मोठ्याने विचारतात, इथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, त्यामुळे आमची सगळ्यांची बोलती बंद. ते आज गप्प होते. मग नुसतं "हं" म्हणाले.

आठ वर्षं झाली मला यात, एक राग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला असं झालेलंच नाही. कधी माइक, कधी पार्किंग, कधी कुणाला हजीऱ्याला तानसेनाची समाधी दाखवायला न्यायचं असतं. आज तानपुरा हातात होता म्हणून उठताच येईना. फोन थरथरत होता, थरथरू दिला.

बाई साडेआठला आल्या, स्टेशनवरून थेट. नऊपर्यंत ऐंशीएक माणसं जमली, नाश्त्याच्या बेडईचा (डाळ भरलेल्या पुरीचा) वासही कारणीभूत असणार. ऊन बघून बाई म्हणाल्या, "आता भैरव नको, उन्हं आलीत, तोडी घेते." सुंदर गायल्या असं सगळे म्हणतायत. मी तेव्हा जनरेटरवाल्याशी भांडत होते.

दुपारी तो मुलगा परत खुर्च्या मोजायला हजर. मोजणीत खुर्च्या बरोबर भरल्या. सतरंज्या दोन कमी आहेत आणि टेंटवाल्याचे आतापर्यंत चार फोन येऊन गेलेत.