ठरावातला खोडलेला शब्द

होळीच्या दुसऱ्या दिवशी सभा घ्यायची, हा त्या पाड्याने ग्रामसभा म्हणून घेतलेला पहिला निर्णय होता. तारीख ठरवताना त्यांनी मला विचारले नव्हते, फक्त कळवले होते. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर ग्रामसेवक म्हणून काम करताना मी तोवर अनेक ग्रामसभा भरवल्या होत्या, पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांपलीकडे माझा विचार कधी गेला नव्हता. दिवाळी झाली की इथली निम्म्याहून अधिक कामाची माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीला चार दिवस घरी येतात. म्हणजे २६ जानेवारीला आम्ही सभा भरवायचो तेव्हा पाड्यावर बहुतेक म्हातारी माणसे आणि लहान मुलेच असायची. ज्यांच्या कष्टावर पाडा चालतो, त्यांच्यापैकी बहुतेक जण त्या सभेला नसायचे, आणि तरीही इतिवृत्तात गावाचा निर्णय म्हणून ठराव लिहिले जायचे.

हा पाडा मूळ गावापासून चार किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे आहे. ग्रामपंचायत एकच, तिच्यात बरेच पाडे, आणि मतदार सगळ्यांत जास्त मूळ गावात. त्यामुळे या पाड्याचा विषय सभेत नेहमी शेवटी यायचा आणि तोवर लोक उठायला लागलेले असायचे. पंचायतींना घटनेत स्थान देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, पण घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांना ती आपोआप लागू होत नव्हती. दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा, म्हणजे पंचायतींची व्यवस्था या क्षेत्रांत नेणारा कायदा, आला, आणि आपल्या राज्याचे पेसा नियम त्यानंतर १७ वर्षांनी, ४ मार्च २०१४ रोजी निघाले. राज्यातल्या १३ जिल्ह्यांतल्या ५९ तालुक्यांत, काही ठिकाणी पूर्ण तर काही ठिकाणी अंशतः, हा कायदा लागू आहे. या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यातली गावाची व्याख्या. महसुली दप्तरात नाव असेल तेच गाव, असे तो मानत नाही. आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे आपला कारभार पाहणारा समूह जिथे राहतो, ती वस्ती किंवा तो पाडासुद्धा गाव ठरू शकतो. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी सह्या-अंगठ्यांनिशी तसा ठराव केला, मी तो वर पाठवला, बराच काळ त्याचा पाठपुरावा केला, आणि अखेर पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळाली.

सभा शाळेच्या ओट्यासमोर भरली. अध्यक्ष सभेनेच आपल्यातून निवडायचा होता. लोकांनी एका मध्यमवयीन शेतकऱ्याचे नाव घेतले आणि सरपंच इतरांबरोबर सतरंजीवर बसले. तेवढ्या एका गोष्टीनेच सभेची बसण्याची रीत बदलली. एरवी खुर्च्यांची एक ओळ आणि तिच्यासमोर लोक अशी मांडणी असते. त्या दिवशी माणसे अर्धवर्तुळात बसली आणि बाया मागे न राहता उंबराच्या सावलीला, म्हणजे जवळजवळ अध्यक्षांच्या शेजारी, बसल्या.

मुख्य विषय पाच टक्के थेट अबंध निधीचा होता. आदिवासी उपयोजनेतला हा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. आराखड्यात या पाड्यासाठी सभामंडपाचे काम आधीच धरलेले होते. इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. वेळ वाचावा म्हणून आदल्या रात्रीच मी ठरावाचा मजकूर इतिवृत्ताच्या नोंदवहीत लिहून ठेवला होता: ‘पाड्यावर सभामंडप बांधण्याचे काम अबंध निधीतून घेण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ फक्त सूचक आणि अनुमोदकाची जागा कोरी होती. आमच्यापैकी बरेच जण असेच करतात, आणि सवयीने त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे होते.

मी विषय वाचला आणि लगेच ठरावही वाचून दाखवला. उंबराखालून एका आजीने विचारले, “भाऊसाहेब, ता कवा लिवलास?”

मी म्हणालो, रात्रीच लिहून आणले आहे.

“आमी त आजून बोललोच नाय. मंग सगल्यांचा मत तुला रातीच कसा कळला?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते आणि माझ्याजवळ ते नव्हते. मी नोंदवही मिटली आणि अध्यक्षांना म्हणालो की, आधी सभेने बोलावे, मग मी लिहीन.

त्यानंतरची चर्चा सोपी नव्हती. भट्टीवरून आलेल्या तरुणांना रस्ता हवा होता, आणि त्यांची बाजू खरीच होती. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून ओढ्यापलीकडे न्यावे लागते, तेव्हा खांदा त्यांचाच लागतो. सभामंडपाच्या बाजूनेही दोघे-तिघे बोलले. बायांचे म्हणणे एकच होते की, आधी झऱ्याचे काम करा. विहीर मार्च सरताना आटते आणि मग पाणी दरीतल्या झऱ्यावरून आणावे लागते. तरुणांपैकी एक जण म्हणाला की, झऱ्याला पाणी आहे तर कामाची काय गरज? आजी उठली आणि म्हणाली, “चल, दावतां.” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. सभा उठून दुसरीकडे जाऊ शकते का, हे मलाही ठाऊक नव्हते; पण सभा म्हणजे माणसे, आणि माणसे निघालीच होती. मी नोंदवही घेऊन त्यांच्यामागे उतरलो.

झरा म्हणजे कातळाच्या पोटाशी हातभर रुंद एक खळगा. त्याच्या एका अंगाला गुरांच्या खुरांनी चिखल झालेला, पाण्यावर पाने आणि एक पिवळसर साय. आजीने पाने हाताने सारली, वाटी बुडवली, पाणी निवळायची वाट पाहिली, हंड्यात ओतले आणि पुन्हा वाट पाहिली. तिने कोणाला काही समजावून सांगितले नाही. मी मोबाइलमध्ये वेळ पाहत होतो. एक हंडा भरायला अकरा मिनिटे लागली. तेवढा वेळ चढावर उभी असलेली ती सारी माणसे गप्प होती. ज्याने प्रश्न विचारला होता त्या मुलाने भरलेला हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि पाड्यापर्यंत आणला. मध्ये दोनदा थांबला. त्याची आई रोज पहाटे तोच चढ चढते, हे त्याला माहीत नव्हते असे नाही, पण ती चढते तेव्हा तो भट्टीवर असतो.

पुन्हा बसल्यावर बोलणे वेगळे झाले. निधी पुरेल तेवढ्यात काय बसते, याचा हिशेब लोकच करू लागले: झऱ्यातला गाळ काढणे, दगडी बांधकाम करून वर झाकण, खाली टाकी, टाकीला तोट्या, आणि गुरांसाठी वेगळी कुंडी. कुंडीचे मला सुचले नसते. गुरांना पाणी नाही दिले तर ती बांधकाम मोडणारच, हे गुराख्याच्या एका पोराने सांगितले. मजुरी पाड्यातल्याच माणसांना मिळावी आणि खर्चाचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लिहावा, असेही ठरले. रस्ता या निधीत होण्यासारखा नव्हता; तो विषय सोडायचा नाही, पुढच्या सभेत पहिला घ्यायचा, या अटीवर तरुण तयार झाले. सभामंडपाचा आग्रह धरणारा एक गृहस्थ शेवटपर्यंत नाराज होता. त्याने विरोध केला नाही, पण मला मान्य आहे असेही म्हणाला नाही.

मी रात्री लिहिलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली, खोडल्याबद्दल सही केली, अध्यक्षांची सही घेतली आणि नवा ठराव सभेसमोर लिहिला. वाचून दाखवताना ‘सर्वानुमते’ या शब्दापाशी मी स्वतःच थांबलो आणि नाराज गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, माझे म्हणणेही लिहा. मग तो शब्दही खोडला आणि त्यांचे म्हणणे दोन ओळींत नोंदवले. अंधार पडल्यामुळे अंगठे बॅटरीच्या उजेडात घेतले.

पुढे तालुक्याच्या ठिकाणी एका टेबलावर मला सांगण्यात आले की सभामंडपाचे अंदाजपत्रक तयार आहे, झऱ्याचे नव्याने करावे लागेल, तेव्हा ठराव दुरुस्त करून आणा. आधी मी तसे केलेही असते. या वेळी मी म्हणालो की ठराव बदलण्याचा अधिकार मला नाही. बदल हवा असेल तर पाड्यावर या, मी सभा बोलावतो. कोणी आले नाही. अंदाजपत्रकाला वेळ लागला, पण ते झाले, आणि पावसाळा तोंडावर असताना टाकीला तोट्या बसल्या.

पुढच्या होळीनंतरच्या सभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय रस्त्याचा होता. अध्यक्षांनी तो कोण मांडतो असे विचारले, तेव्हा तरुणांच्या आधी आजीचा हात वर गेला. मी नोंदवहीचे कोरे पान उघडले.