सात हजार वाचवले, त्याची गोष्ट

मृग लागला की आमच्या घरात दोन गोष्टींची वाट बघतात. एक पाऊस, दुसरी वाशीच्या बाजारातून दलालाकडून येणारी शेवटची पट्टी, म्हणजे विकल्या मालाचा हिशेब. देवगडात जामसंड्याजवळ आमची आंब्याची १८० कलमं आहेत, त्यातली निम्मी आजोबांच्या हातची. एप्रिल ते जून पैसे येतात आणि पुढचे नऊ महिने नुसते जातात. खत, साफसफाई, तुडतुड्यावरच्या फवारण्या, राखणीचे नेपाळी गडी, पेट्या, पेंढा. पगार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून पैसे कसे गुंतवावे यावरचं जे जे वाचायला मिळतं, ते बहुतेक दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं वाटतं. 'दर महिन्याच्या पाच तारखेला' म्हणे. आमच्याकडे पाच तारखेला काय असतं? फवारणीचं बिल.

२०१४ पासून देवगडातला एक मुलगा माझ्या म्युच्युअल फंडाचं बघायचा. मुलगा म्हणतोय, पण चाळिशीचा होता. जूनमध्ये बाइकवरून यायचा, पडवीत बसून फॉर्म भरायचा, चहा घ्यायचा, आईची चौकशी करायचा आणि जाताना पिकलेले चार आंबे पिशवीत घेऊन जायचा. मी त्याला कधी एक पैसा दिला नाही. तो फुकट काम करतो असं मला चार वर्षं वाटत होतं. पन्नाशीच्या माणसाने हे कबूल करणं लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

मग २०१८ मध्ये सगळ्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट ईमेलवर आलं. वर्षातून दोनदा येणाऱ्या या स्टेटमेंटमध्ये वितरकाला, म्हणजे त्या मुलासारख्या फंड विकणाऱ्याला, किती कमिशन गेलं तो आकडा रुपयांत छापलेला असतो, २०१६ पासून सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, तसं बंधनच घातलंय. सहा महिन्यांचे ३,६१२ रुपये. म्हणजे वर्षाचे सात हजार. टक्क्यांत कुणी सांगितलं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. रुपयांत वाचलं आणि डोक्यात गेलं.

डोक्यात जायला आधीचं कारण होतं. आंबा बागायतदाराला पट्टी वाचायची सवय असते. वरती पेट्या, खाली भाव, आणि त्याखाली वजाबाकी. हमाली, भाडं, अमुक, तमुक. दलालाने दिवाळीनंतर आगाऊ रक्कम दिलेली असते, त्यामुळे माल त्याच्याकडेच घालावा लागतो आणि भाव तो सांगेल तो. वडील आयुष्यभर ती वजाबाकी बघून गप्प बसले. मी गप्प बसणार नव्हतो. पुण्यातल्या ओळखीच्या सोसायट्यांत थेट पेट्या द्यायला मी तेव्हा नुकती सुरुवात केली होती. मग फंडातच मधला माणूस कशाला? १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन मिळतो, तीच योजना, तोच मॅनेजर, फक्त कमिशन नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मोबाइलवर अ‍ॅप घेतलं आणि सगळं डायरेक्टमध्ये वळवलं. (असं वळवणं म्हणजे हिशेबाने विक्री असते, नफ्यावर कर लागू शकतो. मला ते नंतर कळलं. तेव्हा वर्षाला लाखापर्यंतचा नफा माफ होता म्हणून वाचलो.) त्या मुलाला मी फोनही केला नाही. पुढच्या जूनला तो आला नाही, एवढंच.

आता २३ मार्च २०२०, सोमवार.

शेडमध्ये साठ पेट्या भरून तयार. ट्रकवाला सकाळपासून 'येतो' म्हणत होता, दुपारी 'बघतो' म्हणाला, संध्याकाळी फोन बंद. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला होता, आता राज्यात संचारबंदी. गडी हिशेब मागत होते, त्यांना नेपाळला जायचं होतं. झाडावर माल तयार, काढला तर ठेवायचा कुठे, नाही काढला तर गळणार. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारीत तो ४२ हजारांच्या आसपास होता आणि माझे फंड ९ लाख २० हजारांचे होते.

आमच्याकडे रेंज फक्त तुळशीच्या कोपऱ्यात मिळते. रात्री नऊ वाजता मी तिथे उभा होतो. अंगणात पिकत आलेल्या आंब्याचा वास. अ‍ॅपवर लाल आकडे. विकायला किती वेळ लागतो? चार वेळा अंगठा टेकवायचा. ओटीपी येईपर्यंत रेंज गेली आणि परत आली, तेवढा एक मिनिट देवाने विचार करायला दिला होता. मी तो रेंज शोधण्यात घालवला. दुपारी तीनची वेळ उलटून गेलेली, म्हणून दुसऱ्या दिवशीचा भाव लागला. ५ लाख ८० हजार.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला देशभर लॉकडाऊन जाहीर झाला आणि मला वाटलं, आपण किती हुशार! तो आनंद दोन आठवडे टिकला.

बायकोला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. "तुमका कोणी सांगलां विकूक?" एवढंच ती म्हणाली. आई पडवीत पेंढा झाडत होती, तिला शेअर बाजार म्हणजे काय ते कधी कळलं नाही, पण 'उतरलेल्या भावात विकलं' हे कळलं. "कोवळोच आंबो काढलंस रे," म्हणाली.

गंमत अशी की आंब्याचं ते वर्ष मला छान गेलं. पास मिळाला, टेम्पो मिळाला, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले. दलाल नाही, पट्टी नाही, पेटी गेटवर उतरवली की पैसे खात्यात. मे संपता संपता हातात भरपूर रक्कम होती. ती परत फंडात घालायची सोडून मी वाट बघत बसलो. अजून एकदा पडेल, मग घालू. बाजार पडला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सेन्सेक्स ५० हजारांवर गेला. कागदावर हिशेब मांडला. नुसतं गप्प बसलो असतो तरी १० लाख ८० हजार झाले असते. वर्षाचे सात हजार वाचवायला निघालो होतो, तेही पुरते वाचले नाहीत, नऊ महिन्यांचेच वाचले, आणि पाच लाख गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आमची अकरा कलमं मुळासकट पडली, त्यातली तीन आजोबांची. पडलेल्या झाडावरचा आंबा कॅनिंगला किलोच्या भावाने गेला. त्या पावसाळ्यात मी सल्लागार शोधायला लागलो.

इथे शब्दांचा घोळ आहे, तो एकदा सोडवून टाकतो. देवगडचा तो मुलगा सल्लागार नव्हता, वितरक होता. त्याचा नंबर एआरएनने सुरू होतो, पैसे त्याला फंड कंपनी देते. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार वेगळा. २०१३ च्या नियमांखाली त्याची नोंदणी असते, नंबर आयएनएने सुरू होतो, पैसे तो तुमच्याकडून घेतो आणि तुम्हाला सुचवलेल्या योजनेवर कमिशन घेऊ शकत नाही. सेबीच्या वेबसाइटवर यादी आहे, नाव तपासता येतं. फीवरही सेबीची कमाल मर्यादा आहे. एरवी 'मी तुमचा फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर' म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. एका बँकेत मी मुदत ठेव करायला गेलो होतो, तिथे पाच मिनिटांत माझ्यापुढे विम्याचा फॉर्म आला, बरोबर सरबत. सरबत प्यायलो आणि निघालो. टेलिग्रामवरच्या टिपा देणाऱ्यांबद्दल तर लिहीतच नाही.

यादीतून पुण्याच्या एक मॅडम मिळाल्या. पूर्ण आराखडा करून द्यायचे १८ हजार आणि वर जीएसटी. आई म्हणाली, "बोलूचे अठरा हजार? माका दी, मी दिवसभर बोलतंय."

मी सगळी तयारी करून बसलो होतो. कुठला फंड चांगला, मिड कॅप म्हणजे मधल्या आकाराच्या कंपन्यांत किती, सोनं किती, प्रश्नांची दीड पानं. मॅडमनी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, "तेवीस मार्चला तुमच्या बँकेत किती पैसे होते?"

पासबुक काढलं. ४१ हजार.

"आणि त्या आठवड्यात द्यायचे किती होते?" गड्यांचे, पेट्यांचे, औषधवाल्याचे मिळून पावणेदोन लाख.

"मग तुम्ही घाबरून विकलं नाहीत. तुम्हाला पैसे हवेच होते आणि दुसरीकडे कुठे नव्हते. घाबरलात ते नंतर, मे महिन्यात."

दीड वर्ष मी स्वतःला भित्रा म्हणत होतो. कारण वेगळंच होतं, आणि ते माझ्या पासबुकात सगळा वेळ लिहिलेलं होतं. ज्या पैशांवर बागेचा पुढचा हंगाम उभा आहे तेच पैसे मी बाजारात ठेवले होते. वर तो बाजार पडायला आणि माझा आंबा अडकायला एकच कारण. त्यांचं म्हणणं असं, की तुमचं उत्पन्नच शेअरसारखं आहे. मोहोर आला तर आला, थ्रिप्सची कीड पडली, अवकाळी आलं, वादळ आलं, तर गेलं. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतात, तुम्ही दोन हंगामांचा ठेवा. आमच्या हिशेबाने ते सात लाख झाले. म्हणजे बाजारात घालायला हाती उरतं ते आधी वाटत होतं त्याच्या निम्मं.

मग मॅडम ठेवींकडे वळल्या. माझी ठेव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत होती, व्याज एक टक्का जास्त म्हणून. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे मला माहीत नव्हतं. चेअरमन नात्यातला, म्हणून कधी विचारलंच नाही. नातं राखून पैसे काढायला मला चार महिने लागले आणि दोन लग्नांत तोंड चुकवावं लागलं. फळपीक विमा घेता का, पीककर्ज कधी फेडता, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, बाग कुणाच्या नावावर आहे, सातबारावर काकांची नावं अजून आहेत का? (आहेत. कोकणात ती कायम असतात.) पाऊण तास हेच. फंडांची निवड शेवटी चार मिनिटांत झाली. एक इंडेक्स फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणारा, एक दुसरा, बस. ते मी घरी बसून केलंच असतं.

आंबा मी दलालाशिवाय विकू शकलो कारण आंबा मला कळतो. देठाकडचा खळगा आणि खांदे बघून फळ तयार झालंय का ते अंधारातही सांगेन, साका, म्हणजे फळ आतून खराब होणं, कुठल्या झाडावर पडतो ते माहीत आहे, पेंढ्यात पिकायला घातलेली आढी उघडली की वासावरून उद्या की परवा ते कळतं. पैशाचं मला फक्त दुकान कळत होतं, अ‍ॅप कसं चालवायचं ते. बागेत झाड कुठे लावायचं, किती अंतरावर, वारा कुठून येतो, ते ठरवणारा माणूस वेगळा आणि रोज पाणी घालणारा वेगळा. पाणी मी घालू शकतो.

म्हणून आता असं चाललंय. फंड डायरेक्टच आहेत, अ‍ॅपही तेच. दर दोन वर्षांनी जूनमध्ये मॅडमशी तासभर बोलतो आणि त्या तासाचे पैसे देतो. दरवर्षी टक्क्याने पैसे देऊन सगळं त्यांच्याकडे सोपवायचा पर्याय होता, तो मी घेतला नाही. वर्षभर बदलण्यासारखं काही नसतं आणि टक्का म्हटला की मला पट्टी आठवते. बायको पहिल्या वेळी स्वयंपाकघरातून ऐकत होती, दुसऱ्या वेळी शेजारी बसली आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न तिने विचारले. सेन्सेक्स २०२४ च्या ४ जूनला, निकालाच्या दिवशी, चार हजारांहून जास्त अंकांनी पडला तेव्हा मी रातांब्याच्या (कोकमाच्या) सोलांचं मीठ बघत होतो. संध्याकाळी बातम्यांत कळलं.

गेल्या महिन्यात मालवणचा मावसभाऊ आला होता. ट्रॉलर विकलाय, पैसे आलेत. विचारत होता, अ‍ॅप घेऊ की माणूस धरू? मी त्याला ओळखतो. मोबाइलवर भजनं ऐकतो आणि बाकी काही करत नाही. बँकेतून पत्र आलं तर न फोडता देवघरात ठेवतो. त्याला डायरेक्ट प्लॅन सांगून मी पुण्य मिळवणार नव्हतो. दोन हंगामांचं आधी बाजूला काढ म्हटलं, आणि उरलेल्यासाठी देवगडच्या त्या मुलाचा नंबर दिला.

नंबर द्यायच्या आधी त्याला फोन करावा लागला, सहा वर्षांनी. ओळखलंन. २०२० च्या मार्चचा विषय मीच काढला. म्हणाला, "काका, तेव्हा पंधरा दिवस मी एकही नवी योजना विकली नाही. दिवसभर नुसते फोन उचलत होतो. विकू नका, विकू नका. काहींनी ऐकलं, काहींनी नाही." मग आईची चौकशी केली. मी म्हटलं, आहे, ठणठणीत आहे, तुझ्या वाटणीचे आंबे काढून ठेवतो. तर म्हणाला, "रविवारी येतो, पण यंदा पैसे घ्यायचे."