बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला आणि त्यांच्याबरोबर त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिचाही झाला. देवाशी आपला समेट झाला आहे, ही खात्री मात्र त्यांना त्या दिवशी मिळाली नाही. ती मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, त्यांनी हे काहीही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे ते शब्द आहेत. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, तान्हेपणी माझा बाप्तिस्मा झाला आणि आता बरीच वर्षे मी संडे स्कूलमध्ये शिकवतो. आमच्या मंडळ्यांमध्ये रमाबाईंच्या समाजकार्याचा गौरव पुष्कळ होतो, पण या आठ वर्षांविषयी कोणी फारसे बोलत नाही, आणि मला तर त्यांच्या चरित्रातील हाच भाग आपल्यासारख्यांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

या आठ वर्षांचे वजन कळण्यासाठी त्यापूर्वीचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि पुढे हे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराणे सांगत वर्षानुवर्षे देशभर पायी फिरत राहिले. व्रते, स्नाने, दाने यांत त्यांनी कसलीही कसूर केली नाही. मग दुष्काळ आला, गाठीचे सर्व संपले आणि आधी वडील, नंतर आई, नंतर बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. आईच्या मृत्यूचा प्रसंग रमाबाईंनी वर्णन केला आहे. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते, आणि उंची कमी असल्यामुळे त्यांचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेऊन ती वाट चालली. त्या वेळी त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. देवाकडे जाण्याच्या वाटेवर इतके चाललेल्या माणसाविषयी ‘तिने मनापासून शोध घेतला नाही’ असे कोणाला म्हणता येईल?

पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विवाह झाला, आसाममधील सिल्चर येथे संसार सुरू झाला, आणि तिथे घरातल्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. दोन वर्षांच्या आत पती बिपिन बिहारी पटकीने गेले. पुण्यातील वास्तव्यानंतर त्या इंग्लंडला पोहोचल्या, आणि तिथे लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेल्या एका आश्रमात त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे मन हलले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तिथे मायेने सांभाळल्या जात होत्या. हे कशाच्या बळावर चालते, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटीच आलेली ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही तिच्याशी उपासनेविषयी बोलणारा येशू. रमाबाईंना मोक्षाचे दार स्त्रीसाठी बंद असल्याचे सांगणारी वचने ठाऊक होती. त्यांच्यापुढे ही भेट किती मोठी ठरली असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

आणि तरीही शांती आली नाही. ख्रिस्ती झालेले ब्राह्मण पंडित नेहेम्या गोरे यांच्या लिखाणामुळे बुद्धीचे समाधान झाले होते, येशूविषयी प्रेम निर्माण झाले होते, बाप्तिस्माही झाला होता. नंतरच्या वर्षांत त्यांनी अफाट काम केले: अमेरिकेचा दौरा केला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन ही शाळा व वसतिगृह सुरू केले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. दुसरीकडे वाँटेजच्या भगिनींशी सिद्धांतांविषयी आणि मंडळीच्या अधिकाराविषयी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात खटकेही उडाले. बाप्तिस्मा, उपासना, शिक्षण, सेवा यांपैकी काहीच राहिले नव्हते. राहिले होते ते एवढेच की, या सगळ्यांतून आपण देवाला मान्य होऊ अशी आशा त्या धरून होत्या, आणि तशी आशा धरणाऱ्याला ‘झाले, पुरले’ असे कधीच म्हणता येत नाही.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हॅस्लम कॉर्नवॉलमधील बाल्डू येथे अनेक धार्मिक कार्यांत गढलेला होता, आणि १८५१ साली व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत असतानाच त्याला स्वतःला ख्रिस्ताची ओळख पटली. पाळक असलेल्या माणसालाही हे घडण्याची गरज होती, हे वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. आपल्याला आणखी कुठला विधी, आणखी कुठले ज्ञान नको असून जिवंत ख्रिस्त हवा आहे, आणि त्याने जे आधीच पूर्ण केले आहे ते केवळ विश्वासाने घ्यायचे आहे, हे त्यांना उमगले. त्या दिवसापासूनची त्यांची भाषाच निराळी आहे. त्यात ओझे उतरलेल्या माणसाचा मोकळेपणा आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शिकवतो तेव्हा एका गोष्टीवर थांबतो, कारण ती लवकर गळी उतरत नाही. पौल असे म्हणत नाही की, आपण सुधारलो, मग देवाने आपल्याला जवळ केले. तो म्हणतो की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आपण शत्रू असतानाच देवाच्या पुत्राच्या मरणाने देवाशी आपला समेट झाला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तर तो याहून पुढे जातो. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला आहे, ज्याच्याकडे आपण हात जोडून जायचे, तो देवच ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करीत होता आणि आपल्या वकिलांच्या, म्हणजे दूतांच्या, तोंडून जगाला विनवणी करीत आहे. न्यायाधीश विनवणी करतो, हे कुठल्या दरबारात घडते? मला स्वतःला ख्रिस्ती विश्वासातील सर्वांत थक्क करणारे वाक्य हेच वाटते. क्रूसावर न्याय टाळला गेला असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. पापाची किंमत तिथे चुकती झाली, आणि ती ज्याच्याकडे थकली होती त्याने नव्हे, तर ज्याला यायची होती त्याने चुकती केली.

म्हणूनच देवाशी असलेली शांती आणि मनाला वाटणारी शांतता या दोन गोष्टी एक नव्हेत. काही सकाळी प्रार्थनेत मन लागत नाही, आजारपणात भीती वाटते, रात्री झोप उडते. अशा वेळी शांती गेली असे समजून माणसे घाबरतात. परंतु पौल ज्या शांतीविषयी बोलतो ती दोन पक्षांमधील वैर मिटल्याची शांती आहे. ती कालवरीवर, जिथे येशूला क्रूसावर दिले तिथे, ठरलेली आहे आणि माझ्या आजच्या मनःस्थितीवर ती अवलंबून नाही. मनाची शांतता हे तिचे फळ आहे. ते कधी लवकर येते, कधी उशिरा.

हे मी पुस्तकापेक्षा वडिलांकडून अधिक शिकलो. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घराच्या वाटणीवरून काकांशी त्यांचा बेबनाव झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीत दिली जाणारी भाकर आणि पेला, घेतले नाही. उपासना त्यांनी चुकवली नाही, दशांश चुकवला नाही. मात्र प्रभुभोजनाच्या रविवारी ते शेवटच्या बाकावर बसत, आणि लोक वेदीपुढे गुडघे टेकण्यासाठी उठू लागले की, गीतपुस्तक उघडून मान खाली घालत. त्यांच्या बाजूने वचनेही होती. अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्याला पौलाने दिलेला इशारा होता, आणि वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची स्पष्ट आज्ञा होती. शेवटच्या आजारपणात पाळकसाहेब घरी आले, खाटेशेजारी स्टुलावर पांढरे फडके अंथरून त्यांनी लहान ताटली आणि पेला मांडला. वडिलांनी हाताने नको अशी खूण केली आणि मी योग्य नाही, असे म्हणाले. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “गुरुजी, योग्य झालेल्यांनीच या मेजाजवळ यायचे असते, तर हे मेज रिकामेच राहिले असते. तुम्ही सांगता ते अर्पण आपण देवाला द्यायचे असते. इथे देव तुम्हाला देतो आहे.” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून काकांना फोन लावून घेतला, काका आले, दोघे दुपारभर बोलत बसले. वाटणीचा प्रश्न त्या दुपारी सुटला नाही आणि पुढे आम्हा चुलतभावांनाच तो सोडवावा लागला, पण भाऊ भावाच्या उशाशी बसला होता.

त्या आज्ञेचे महत्त्व मला कमी करायचे नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील शब्द जसेच्या तसे उभे आहेत, आणि भावाशी वैर धरून देवाशी गोडीत राहता येते, असे मानणारा स्वतःची फसवणूक करतो. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. वडिलांना काकांकडे जाण्याचे बळ इतकी वर्षे मिळाले नाही. क्षमा पदरात पडल्यावर ते एका आठवड्यात मिळाले. गोव्यातील आमचे कॅथलिक बांधव कुमसाराला जातात, धर्मगुरूसमोर पाप उच्चारतात आणि ख्रिस्ताच्या नावाने क्षमेचे शब्द कानांनी ऐकतात. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांची शिकवण त्याबाबत वेगळी आहे, हे खरे. तरी क्षमा झाल्याचे कोणीतरी माणसाने मोठ्याने सांगावे, ही गरज आम्हालाही आहे, असे मला त्या दिवसापासून प्रामाणिकपणे वाटत आले आहे. उपासनेत सामुदायिक पापकबुलीनंतर पाळक क्षमेचे वचन वाचतात, त्या क्षणी आपल्यातील किती जण खरोखर ऐकत असतात?

लूकच्या पंधराव्या अध्यायातील थोरला मुलगा मला ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांचा प्रतिनिधी वाटतो. धाकटा दूर देशी गेला, हे सर्वांना दिसले. थोरला घरातच होता, शेतात राबत होता, आणि बापाशी बोलताना तो स्वतःच्या सेवेची वर्षे मोजून दाखवत होता. त्याने कधी आज्ञा मोडली नव्हती आणि तरी बापाचे मन त्याला ठाऊक नव्हते. बाप मात्र दोघांसाठीही घराबाहेर आला; धाकट्याला भेटायला धावत गेला आणि थोरल्याची समजूत घालायला मेजवानी सोडून अंगणात आला. उपदेशांत पहिल्या भेटीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दुसरीविषयी अधिक ऐकायला हवे, कारण आमची बाके थोरल्या मुलांनी भरलेली आहेत.

रमाबाईंची सेवा १८९१ नंतर कमी झाली नाही, उलट वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती हे आश्रयस्थान उभे राहिले. स्वतः दुष्काळात आईला खांदा दिलेली मुलगी आता इतरांच्या मुलींना जेवू घालत होती. तिथेच त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. फुलममध्ये पाहिलेले ते काम आता महाराष्ट्रात, मराठी बोलत, त्यांच्या हातून होऊ लागले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य बायांना कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. वाँटेजला आईबरोबर जिचा बाप्तिस्मा झाला होता, जी या कामाची वारस होती, ती एकुलती एक मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही, ते पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. ते पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आले. देवाला राजी करण्यासाठी इतके करावे लागत नाही हे कळलेल्या बाईनेच इतके केले, हे मी माझ्या वर्गातील मुलांना दरवर्षी सांगतो.

वाचकांपैकी कोणी मंडळीत वाढलेले असेल, सेवेतही असेल, आणि तरी आतून देवासमोर उभे राहण्याची धास्ती वाटत असेल, तर ती लपवू नये. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकदा सलग, मोठ्याने वाचावा आणि ‘आपण’ जिथे येते तिथे स्वतःचे नाव घालावे. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा पाळकांकडे किंवा एखाद्या वयस्क विश्वासू बाईकडे जाऊन नेमके काय खुपते ते सांगावे आणि त्यांना आपल्यासाठी, आपल्यासमोर, मोठ्याने प्रार्थना करायला सांगावे. प्रार्थनेला शब्द सापडत नसतील, तर लूकच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या जकातदाराचे वाक्य पुरेसे आहे: हे देवा, मज पाप्यावर दया कर. प्रभू येशू सांगतो की, तो जकातदार नीतिमान ठरून आपल्या घरी गेला, आणि त्या दिवशी त्याने याखेरीज दुसरे काही केल्याचे लूक लिहीत नाही.